हॉलंडला निघालेलं उटणं अंबरनाथला का अडलं

मंगळवार, ४ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. उल्हासनगर कॅम्प दोन, पहिला मजला, काचेचा दरवाजा. याच वेळी आणि याच ठिकाणी निर्यातीचे कागद करून देणाऱ्या एका सल्लागाराने माझ्या वहिनीसमोर एकवीस पानांची इंग्रजी फाईल सरकवली. सह्यांच्या जागी पिवळे चिकट कागद लावले होते. पेनाचं टोपणही त्याने स्वतः काढून दिलं आणि म्हणाला, "मॅडम, पढ़ने का टेन्शन नहीं. जिधर पीला है उधर साइन मारो."

वेळ मी घड्याळात बघून टिपली. एका केमिकल कंपनीत मी चौतीस वर्षं काढली, स्टेनो म्हणून लागले आणि ऑफिस सुपरिंटेंडंट म्हणून निवृत्त झाले. तिथे लागलेली सवय अशी की वाचू नका असं कोणी म्हणालं की आधी वेळ लिहायची, मग चष्मा लावायचा आणि मग निवांत वाचायला बसायचं.

पण थोडं मागे जाते. ज्यांना घरचं उटणं, तेल, साबण परदेशात विकायची स्वप्नं पडतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. प्रवास फार लांबचा नाही. बदलापूर, उल्हासनगर, अंबरनाथ आणि परत बदलापूर. दोन दिवस, एक रिक्षा, दोघी बायका. हिमालयात जाऊन आलेल्या माझ्या मैत्रिणींनी नाकं मुरडली. त्यांना म्हटलं, तिथे वाट चुकलात तर निदान शेर्पा असतो.

आमचं घर मूळचं बदलापूर गावातलं, भातशेतीचं. वडील अंबरनाथच्या कारखान्यात लागले आणि मला त्यांनी कॉन्व्हेंटमध्ये घातलं, म्हणून माझं मराठी असं इस्त्री केलेलं. माझी थोरली भावजय शालनवहिनी मात्र गावाचीच राहिली, बोलण्याने आणि हाताने. शेत गेलं, तिथे सात मजली इमारत आली, पण वहिनीचं उटणं चालू राहिलं. सुरुवातीला घरापुरतं, मग आळीपुरतं, मग चार शेजारणी हाताशी घेऊन. मागच्या खोलीला फरशी बसवली, खिडक्यांना जाळ्या लावल्या, वेगळा नळ घेतला आणि राज्याचा उत्पादन परवानाही काढला. तो मिळेपर्यंत मी कोणकोणत्या टेबलांशी भांडले ते इथे लिहीत नाही, माझा रक्तदाब आत्ता बरा आहे.

शेजारची रेवती लग्न होऊन हॉलंडला गेली आणि तिथे तिने छोटं दुकान थाटलं. तिने तीनशे डब्यांची मागणी दिली, पण एक अट घातली. युरोपात विकायच्या प्रत्येक सौंदर्यप्रसाधनामागे तिथल्याच कोणीतरी कायद्याने जबाबदार माणूस म्हणून उभं राहावं लागतं. ती रेवतीच. डब्यावर तिचं नाव आणि पत्ता छापला जाणार, उद्या एखाद्या गोरीच्या गालावर पुरळ आली तर नोटीस तिलाच येणार. म्हणून पंधरा मार्चच्या आत सगळे कागद खरे आणि पूर्ण हवेत, नाहीतर मागणी रद्द, असं तिने स्वच्छ सांगितलं. शेजारणींनी तोवर जानेवारीत तीनशे डबे भरूनही टाकले होते. उत्साहाला कोण आवर घालणार.

मंगळवारी सकाळी नऊला आमच्या गल्लीतला संतोष रिक्षा घेऊन दारात आला. दिवसाचे नऊशे रुपये, थांबण्यासकट, असं आदल्या दिवशीच ठरवलं होतं. तुम्हीही तसंच ठरवा, कारण ऑफिसात 'पाच मिनिटं बसा' म्हणाले की तास जातो आणि तेवढ्यात रिक्षा नाहीशी होते. रस्त्याचं काँक्रीटचं काम चालू होतं. एक बाजू गुळगुळीत, दुसरी बाजू खणलेली, आणि संतोषला दोन्ही बाजू सारख्याच आवडतात. मांडीवर डब्यांची पिशवी घट्ट धरून वहिनी म्हणाली, उटणं आधीच वस्त्रगाळ केलंय, अजून किती चाळतोस. तो म्हणाला, "काकी, फॉरेनला माल जातोय ना, मग टेस्टिंग इथूनच चालू."

उल्हासनगरला पोचल्यावर आधी दाल पकवान. कुरकुरीत पुरीवर घट्ट डाळ, वर चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा, साठ रुपयांत दुपारपर्यंतची सोय. हा सल्ला मी कायद्याइतक्याच गंभीरपणे देते आहे: सल्लागाराकडे उपाशीपोटी जाऊ नका. उपाशी माणूस लवकर सही करतो.

त्यानंतर तो पहिला मजला आणि ती एकवीस पानं. मी सातव्या पानावर पोचले तेव्हा गृहस्थ चुळबुळायला लागले. सातव्या पानावर घटकांची यादी होती, चौदा नावं. आमच्या उटण्यात नऊ वस्तू पडतात आणि त्या मला झोपेतही सांगता येतील: आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, संत्र्याची साल, गुलाबपाकळी, चंदन, मुलतानी माती आणि थोडं मसुराचं पीठ. नियमाप्रमाणे ही नावं लॅटिनमध्ये लिहावी लागतात. शाळेत सिस्टर आमच्याकडून लॅटिन प्रार्थना घोकून घ्यायच्या. तेव्हा मी मनात म्हणायचे, बदलापुरात हे कोणाशी बोलायचं. आठवडाभर आधी घरी बसून नऊच्या नऊ नावं मी पाठ केली होती, म्हणून उपयोग झाला. फाईलमध्ये नागरमोथा नव्हता, संत्र्याची साल नव्हती. होतं काय, तर बदामाची पूड, कृत्रिम सुगंध आणि दोन टिकाऊपणाची रसायनं. शेवटच्या पानावर वहिनीच्या नावाने प्रतिज्ञापत्र होतं की वरील सर्व माहिती मी तपासली असून ती सत्य आहे. आणि लेबलाच्या नमुन्यावर कोपऱ्यात युरोपियन म्हणून 'सीई' अक्षरांचा एक मोठा शिक्का काढला होता, खेळण्यांवर आणि विजेच्या इस्त्रीवर असतो तो.

मी विचारलं, बदाम कोणाचे. तो हसला. म्हणाला, सगळ्यांची फाईल अशीच जाते, तिकडे कोण बघतं, आणि नाव थोडं रिच वाटतं. मी विचारलं, तिकडे संत्र्याची ॲलर्जी असलेल्या बाईने लेबल वाचून हे अंगाला लावलं तर? तो म्हणाला, "आंटी, आप बहुत सोचते हो."

निवृत्त झाल्यापासून मला आंटी म्हणणाऱ्यांची संख्या वाढली आहे, पण इतक्या चुकीच्या क्षणी अजून कोणी म्हटलं नव्हतं.

मी फाईल मिटली, पेनाला टोपण लावलं आणि उठले. फाईल बनवायला आधीच दिलेले नमुन्याचे तीन डबे आणि परवान्याची झेरॉक्स वहिनीने परत मागितली. तेव्हा त्याने जे सांगितलं तेही मी वेळेसकट टिपून घेतलं. फाईलची प्रत त्याने आदल्याच दिवशी युरोपातल्या त्याच्या माणसाला ईमेल केली होती, सही मागाहून जोडणार होता. डबे आणि झेरॉक्स 'प्रोसेसमध्ये' आहेत, मिळणार नाहीत. म्हणजे वहिनीच्या नावाने, आमच्या परवाना क्रमांकावर, बदामाचं एक उटणं आमच्या आधीच युरोपला निघालं होतं.

खाली रस्त्यावर आम्ही ज्यांच्याकडून डबे घेतो त्यांचं दुकान आहे. बाटल्या, झाकणं, पंप, डबे, छतापर्यंत प्लॅस्टिकच प्लॅस्टिक. मालक सत्तरीचे सिंधी गृहस्थ, बायकांना अदी म्हणतात, म्हणजे बहीण. आमचे चेहरे बघून त्यांनी स्टूल पुढे केलं, पाणी दिलं आणि वरच्या मजल्याकडे बोट करून विचारलं, उधर गए थे? मी मान हलवली.

"अदी, उसके पास एक ही फाइल है. मेरे भतीजे का बाम उसमें गया, सामने वाले का हेअर ऑइल गया. सब में बादाम है. बादाम का इतना भाव नहीं जितना उस कागज पे है."

वहिनी पदराने तोंड झाकून हसायला लागली. मीही हसले असते, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्यांनीच सांगितलं की अंबरनाथ एमआयडीसीत एक तपासणी प्रयोगशाळा आहे, तिथल्या मॅडम खोटं लिहीत नाहीत आणि लिहूही देत नाहीत. त्यांच्या धंद्याचं यात काही नव्हतं. चहा पाजून त्यांनी पत्ता एका झाकणाच्या खोक्यावर लिहून दिला.

दुसरा दिवस, बुधवार. एमआयडीसीत सकाळी पाळी सुटायच्या आणि भरायच्या वेळेला जाऊ नका, शेअर रिक्षांची रांग नाक्यापर्यंत येते आणि हवेला आंबूस वास असतो. आम्ही दहानंतर गेलो. कारखान्यांच्या निळ्या पत्र्यांमधून प्रयोगशाळा शोधायला संतोषला तीनदा विचारावं लागलं. शेवटी ज्या टपरीवर विचारलं तिथला चहा मात्र उत्तम होता, आल्याचा, दहा रुपये.

प्रयोगशाळेतल्या त्या मॅडम म्हणजे मनीषा नावाची केमिस्ट, अंबरनाथ पूर्वेलाच राहणारी, तिशीची, केस घट्ट बांधलेले. तिने आधी आमचं लेबल वाचलं. त्यावर वहिनीने 'खाज, डाग, पुटकुळ्या यांवर गुणकारी' असं छापलं होतं. मनीषाने पेन्सिलीने त्याखाली रेघ मारली आणि सांगितलं की रोग बरा होतो म्हटलं की ते प्रसाधन राहत नाही, औषध होतं, आणि औषधाचा कायदा निराळा. वहिनी म्हणाली, "पन बरी व्हतात ना गो." मनीषा म्हणाली, "होऊ देत की काकी. फक्त छापू नका."

पुढचा अर्धा तास तिने जे समजावलं ते मी वहीत उतरवलं. उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगते. युरोपात सौंदर्यप्रसाधनाला कोणी सरकारी प्रमाणपत्र देत नाही, तेव्हा ते विकणारा माणूस खोटा समजावा. तो इस्त्रीवरचा शिक्का उटण्यावर चालतच नाही. लागते ती मालाची फाईल: कोणती वस्तू वजनाच्या शंभरात किती, ती कुठून आणली, माल कसा बनवला, जंतूंची आणि शिसं-पाऱ्यासारख्या धातूंची तपासणी. हे सगळं बघून त्या विषयातली पदवी असलेला तज्ज्ञ सुरक्षिततेचा अहवाल लिहितो आणि स्वतःच्या नावाने सही करतो. मग तिथल्या जबाबदार माणसाने विक्रीच्या आधी संगणकावर नोंद करायची आणि ही फाईल शेवटच्या बॅचनंतर दहा वर्षं सांभाळायची. आमची नऊ वस्तूंची टक्केवारी मी घरून काढून नेली होती. वहिनी मुठीने मोजते, मी तिच्या मुठी आठवडाभर काट्यावर घातल्या होत्या. मनीषा खूश झाली. मीही स्वतःवर खूश झाले, हे कबूल करते.

मग तिने फॉर्म भरायला घेतला आणि विचारलं, ही बॅच केव्हा सुरू झाली.

मी जानेवारीतली तारीख सांगणार, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "ही काय नवी नाय. ही जुनीच."

मनीषाने विचारलं, जुनी म्हणजे कधीची. तेव्हा वहिनीने अगदी सहज, भाताला पाणी किती घालायचं ते सांगावं तसं सांगितलं की दर घाण्यात मागच्या घाण्याची एक मूठ घालायची असते. त्याने वास धरतो आणि घरात उटणं कधी सरत नाही. आईने, म्हणजे तिच्या सासूने, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिच्या ओंजळीत एक मूठ घातली होती. आईला तिच्या सासूने. वहिनीच्या दरेक घाण्यात ती मूठ आहे.

मनीषाने पेन खाली ठेवलं. "म्हणजे काकी, या डब्यातला सगळ्यात जुना कण केव्हाचा?"

"माझ्या लग्नाच्या आधीचा," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता.

मी त्याच घरात जन्मले आणि मला हे माहीत नव्हतं. मी कॉन्व्हेंटात लॅटिन घोकत होते तेव्हा माझी आई मागच्या खोलीत मूठ घालत असणार. मनीषा रागावली नाही, हसलीही नाही. तिने सांगितलं की बॅच क्रमांकाचा अर्थच असा की त्या क्रमांकाच्या आत जे आहे ते सगळं त्या तारखेला सुरू झालं. एखाद्या डब्यात दोष निघाला तर तेवढीच बॅच परत बोलावता यावी. इथे एक डबा बिघडला तर मागचा कोणता घाणा बिघडला होता हे देवालाही सांगता येणार नाही. मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची तेही ठरत नाही. आपल्याकडचा नियमही हेच मागतो, असं ती म्हणाली, तेव्हा मी परवान्यासाठी केलेली सगळी भांडणं मला थोडी पोकळ वाटली. फॉर्मवर एक ओळ होती: यापूर्वीच्या बॅचचा माल मिसळला आहे काय. ती तिने रिकामी ठेवली. "तुम्ही सांगाल ते मी लिहीन. जेवून या, घाई नाही."

अंबरनाथ पूर्वेला स्टेशनजवळच्या एका खानावळीत आम्ही जेवलो. भाकरी, वांग्याची भाजी, सुकटीची चटणी, ताक, एका ताटाचे शंभर रुपये, आणि चव अशी की मालकिणीला उठून सांगावं. पण त्या दिवशी माझं लक्ष ताटात नव्हतं. तीनशे डबे भरलेले. रेवतीची मुदत. चार बायका, ज्यांनी घरी सांगून ठेवलं होतं की आमचा माल परदेशात चाललाय. आणि मध्ये एक मूठ, जी कोणत्याही चाचणीत मूठ म्हणून दिसणार नाही.

मी काय म्हणाले ते लिहायला मला आवडत नाही, पण प्रवासवर्णनात वाटेतला खड्डा लपवला तर पुढचा माणूस त्यात पडतो. मी म्हणाले, वहिनी, त्या ओळीत 'नाही' लिहू. एवढीशी मूठ. तिकडे कोण बघतंय.

वहिनीने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. ती कधी माझ्यावर आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

"वन्सं, काल त्यो माणूस हेच बोलला ना? तिकडं कोन बघतंय. मग तुमी त्याला येवढं बोललाव कशाला?"

तिने पुढे एवढंच म्हटलं की डब्यावर रेवतीचं नाव आहे, ती पोर परक्या मुलखात एकटी उभी आहे, तिला खोट्यावर उभी करायची नाही. मग तिने माझ्या ताटातली उरलेली चटणी स्वतःच्या ताटात घेतली आणि जेवण संपवलं.

प्रयोगशाळेत परत जाऊन तिनेच त्या ओळीत 'होय' लिहून घेतलं. मनीषाने जुन्या मालाचा नमुना ठेवून घेतला आणि सांगितलं की नवीन बॅच मुठीशिवाय करा, दहा दिवसांत अहवाल देते. चाचण्यांचे दर फोनवर विचारू नका, लेखी दरपत्रक घ्या, प्रत्येक चाचणीचा दर वेगळा असतो.

संध्याकाळी रेवतीला फोन लावला. वहिनीने सगळं सांगितलं, बदामापासून मुठीपर्यंत. मग ती म्हणाली, "शालनकाकू, तीनशे डबे गेले म्हणून वाईट वाटलं. पण तुम्ही सांगितलं नसतंत ना, तर मी पुन्हा कधी तुमच्याकडून काही घेतलं नसतं." तारीख मात्र तिने वाढवली नाही. पंधरा मार्च म्हणजे पंधरा मार्च. हॉलंडच्या पाण्याचा गुण म्हणायचा.

रविवारी मागच्या खोलीत चार शेजारणी जमल्या. मूठ घालायची नाही हे ऐकून मोठा गदारोळ झाला. एकीने विचारलं, विरजणाशिवाय दही कसं लागेल. दुसरी म्हणाली, त्या गोऱ्यांना काय कळतंय, त्यांना आटाही लावला तर आवडेल. तिसरीने पाटा खसाखसा धुवायला घेतला. वहिनीने दळायचं यंत्र, चाळण्या, परात, सगळं गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवलं. मी प्रत्येक वस्तू काट्यावर मोजून वजन मोठ्याने वाचत होते, तेव्हा त्यांना कोणीतरी शाळेत बसवल्यासारखं वाटलं असणार. घाणा तयार झाला. मनगटावर चोळून चौघींनी वास घेतला. वास तोच होता. थोडी निराशा झाली, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. इतक्या वर्षांच्या मुठीने निदान वासात तरी काही फरक पाडायला हवा होता.

अहवाल गेल्या शुक्रवारी आले. नवीन बॅच सगळ्या कसोट्यांना उतरली. जुन्या मालातले जंतू मर्यादेच्या बरेच वर निघाले. तो कागद मी वहिनीला वाचून दाखवणार नव्हते, पण तिने मागून घेतला आणि आकडा वाचायला लावला. ऐकून म्हणाली, "येवढी वस्ती? शेतावरच्या त्या इमारतीत पन येवढी नाय." तीनशे डबे उघडून रिकामे केले, माल परसात पुरला. कोणाला वाटलाही नाही, कारण आता आम्हाला माहीत होतं. डबे मात्र धुऊन भंगारात दिले, पुन्हा वापरायचे नाहीत असं मनीषाने बजावलं होतं. नवे आणायला मी कॅम्प दोनला गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, अदी, बादाम निकल गया? म्हटलं, बदाम कधी नव्हताच, दुसरंच काही निघालं.

कोनाड्यात आईचा पितळी डबा आहे. जुन्या उटण्यापैकी तेवढंच वहिनीने ठेवलंय, अंगाला लावायला नव्हे, नुसतं ठेवायला. नवीन बॅच भरून झाल्यावर सगळ्या गेल्या आणि ती एकटीच कोनाड्याशी उभी राहिली. तिने नव्यातली एक मूठ घेतली, जुन्या डब्यात सोडली, झाकण लावलं आणि हात धुतले. आता मूठ नव्यातून जुन्यात जाते, उलट नाही. फाईलमध्ये याची नोंद करायची गरज नाही, हे मी मनीषाला विचारून घेतलंय.

या प्रवासातून माझ्यापाशी काय राहिलं म्हणाल तर पहिल्या दिवसाचा राग बराचसा विरलाय आणि दुसऱ्या दिवशीच्या ताटावरची लाज राहिली आहे. पण उरलेला राग कामाचा आहे, म्हणून तो इथे जाहीरपणे वापरते. रेवतीची फाईल आता तज्ज्ञाकडे गेली आहे. त्याच्यासमोर आमच्या परवाना क्रमांकाची दुसरी, बदामाची फाईल आली तर आमचं खरंही खोटं ठरेल आणि मागणी हातची जाईल. सल्लागार महाशयांना मी पोचपावतीसह पत्र पाठवलं, पोचपावती परत आली, उत्तर आलं नाही. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा सर मीटिंगमध्ये होते.

तर महाशय, आमच्या ओळखीतले अनेक जण तुमचे गिऱ्हाईक आहेत, तेव्हा हे तुमच्यापर्यंत पोचेल याची मला खात्री आहे. श्रीमती शालन यांच्या नावाने तुम्ही ज्याला फाईल पाठवली त्याचं नाव आणि पत्ता कळवा. ती फाईल मागे घेतल्याचं त्याला पाठवलेलं पत्र आणि त्याचं उत्तर, दोन्हींच्या प्रती द्या. परवान्याची झेरॉक्स आणि तीन डबे परत करा. डबे उघडू नका, त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, आम्हाला आहे. आमच्याकडून झालेली चूक आम्ही रेवतीला, प्रयोगशाळेला आणि तज्ज्ञाला लेखी कळवली आहे. तुमच्या चुकीबद्दल तेवढंच मागते आहे, कमी नाही आणि जास्तही नाही. उत्तर लेखी हवं, तारखेसह, तुमच्या स्वतःच्या नावाने, शुक्रवार, ७ मार्च, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. पाचनंतर आलेलं उत्तरही मी घेईन. फक्त तोवर या सगळ्याची प्रत परवाना देणाऱ्या कार्यालयात पोचलेली असेल, आणि तिथली सगळी टेबलं मला नावानिशी ओळखतात.